पुलाच्या अलीकडे

“पूल काय पळून चाललाय का?” नवसाबाई म्हणाल्या. “दोन वर्षं दम धरलास, आता आणखी एक धर.”

“पूल नाही पळणार, आत्याबाई. आईचं सांगता येत नाही,” सिंधू सासूला म्हणाली.

“तोंडातून बरं काढ काहीतरी. ताप कुणाला येत नाय? सोमवारी कपालेश्वराला गेले तेव्हा मुद्दाम तुझ्या माहेरच्या मळ्यावरनं आले. अंथरुणात बसून पेज पीत होती कुसाबाई.”

“मला तर तुम्ही म्हणालात, शेंगा फोडत होती.”

नवसाबाईंनी सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून उंबऱ्याबाहेर टाकला. “पेज पिऊन झाल्यावर फोडल्या असतील.”

सकाळी भागीबाई मेथीच्या जुड्या घेऊन दारात आली, तेव्हापासून हे चाललं होतं. भागीबाईचा वाफा सिंधूच्या माहेरच्या मळ्याला लागून होता. जुडी टोपलीतून काढता काढता ती सहज बोलून गेली की कुसाबाई दिवाळीपासून उठलेली नाही, कूस बदलायलाही माणूस लागतं, आणि डोळे सारखे दाराकडे असतात. बोलल्यावर नवसाबाईंचा चेहरा बघून तिनं जुडीचा भाव सांगायला सुरुवात केली, पण जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

सिंधूचं माहेर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडे, पंचवटीत, वाघाडीच्या काठचा मळा. सासर अलीकडे, भद्रकालीत. मधे व्हिक्टोरिया पूल. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बायका दिवसातून दोनदा तो ओलांडत. सिंधूनं तो दोन वर्षांत ओलांडला नव्हता.

हे असं का झालं ते सांगायला पाहिजे. सिंधूचा नवरा पुंजाराम हा भिमाजींचा एकुलता एक. भिमाजींची सायखेड्याला शेती, भावाकडे दिलेली, आणि नाशकात गुळाचं दुकान. पोरगा शाळेत पहिला, पुण्याच्या कॉलेजात पहिल्या दोघांत, आणि मग इंजिनिअर होण्यासाठी विलायतेला निघालेला. सायखेड्याच्या भाऊबंदांत समुद्र पाहिलेलाच कुणी नव्हता, तर ओलांडणारा कुठून असणार? नवसाबाईंना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावून त्या नवस बोलल्या. पोरगा एवढं पाणी ओलांडून जातोय. तो सुखरूप परत येईतो त्याची बायको पाणी ओलांडणार नाही.

स्वतःच्या नावानं त्या तो बोलल्या नाहीत. कपालेश्वर पलीकडे होता आणि त्यांचा सोमवार चुकत नसे.

सिंधू तेव्हा अठरा वर्षांची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातलं निम्मं पुंजाराम पुण्यात होता. नवस ऐकून तिला रडू आलं ते आवरण्यासाठी ती माडीवर गेली. तिथे तो वळकटी बांधत होता. तिचं तोंड बघून तो हसला आणि म्हणाला, “एवढंच ना? मग माझंही ऐक. तू पूल ओलांडायचा नाहीस, आणि मी तिथे कॉलेज आणि खोली सोडून कुठे जायचं नाही, गावाची वेस ओलांडायची नाही. झालं बरोबरीचं?”

त्या घरात तिच्याशी बरोबरीचं काही बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. तिनं वळकटीची दोरी दुसऱ्या बाजूनं धरली आणि त्यानं गाठ मारली.

ते तिनं सासूलाही सांगितलं, आणि त्या वाक्यावर दोन वर्षं काढली. कपडे धुवायला ती गंगेवर जाई. तिची आई त्याच वेळी पलीकडच्या घाटावर येई. मधल्या पाण्यावरून बोलणं ऐकू जात नसे. आई धुतलेलं लुगडं दोन्ही हातांनी उंच धरून झटके, सिंधू आपलं झटके. बघणाऱ्याला वाटावं बायका कपडे पिळताहेत. कुसाबाई कधीमधी पुलावरून सिंधूच्या सासरी येऊनही जाई, पण लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही रीत, म्हणून दारातच टेकायची, पेरू पदरातून काढून ठेवायची, आणि घसा कोरडाच घेऊन परत जायची. दिवाळीपासून ती घाटावरही आली नव्हती, दारातही नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते मागच्या वैशाखात. वाजंत्री अलीकडे ऐकू येत होती. सिंधू हिरवं लुगडं नेसून पुलावर गेली आणि मधल्या कमानीपर्यंत चालली. तिथे कठड्याला धरून उभी राहिली. पाणी अर्धं मागे, अर्धं पुढे. एक टांगेवाला म्हणाला, “बाई, बाजूला व्हा.” ती बाजूला झाली ती परत फिरली. हळदीची वाटी दुसऱ्या दिवशी भागीबाईनं आणून दिली.

हे तिनं नवऱ्याला लिहिलं होतं. तक्रार म्हणून नाही. आपली बाजू आपण राखली हे त्याला कळावं म्हणून.

या भाद्रपदात दोन वर्षं भरली, आणि पुंजारामाचं पत्र आलं की आणखी एक वर्षाचा अभ्यास करून येतो. घरात पेढे वाटले. सिंधूनंही एक खाल्ला.

“तिसऱ्या वर्षाचा नवस कुणी बोललं नव्हतं,” ती आता म्हणाली.

“तो येईतो असं बोलले होते मी. वर्षं कुठं मोजली होती?” नवसाबाई सूप घेऊन उठल्या. “आणि हे बघ, तो तिकडं एकटा, परक्या मुलखात, खोलीला कडी लावून बसलाय. वेशीबाहेर पाय टाकत नाय. तुला चार पावलांवरचं माहेर सोडवत नाय.”

याच्यावर सिंधूला कधीच उत्तर देता आलं नव्हतं. तिनं मेथी निवडायला घेतली.

दुपारी भिमाजी दुकानातून वेळेआधी घरी आले, आणि त्यांच्यामागे एक उंच, सुटाबुटातला तरुण. “अगं, पाणी आण. हा येवल्याचा इब्राहिम. आपल्या पुंजाच्या शेजारच्या खोलीत होता. दोन वर्षं.”

इब्राहिमचे वडील येवल्याला पैठणीच्या धंद्यातले. रेशीम रंगवण्याचं शास्त्र शिकायला त्यांनी त्याला लीड्सला धाडलं होतं, पुंजाराम होता त्याच गावी. परत येऊन आठवडा झाला होता आणि मित्राच्या घरी पहिलं जायचं म्हणून तो मोटारीनं आला होता. ओसरीवर घोंगडीवर बसला, पण विलायती पाटलोणीत त्याला मांडी घालता येईना. शेवटी त्यानं पाय बाजूला घेतले आणि स्वतःच हसला.

“मावशी, मी येवल्याचा, पण पाय लीड्सचे झालेत.”

नवसाबाईंना तो आवडला. फडताळातून त्यांनी वेगळी ठेवलेली कपबशी काढायला सांगितली, मुसलमान गिऱ्हाईक आलं की निघायची ती. सिंधूनं चहा ओतला आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी, पदर सावरून, चौकटीच्या आतल्या बाजूला उभी राहिली. नवऱ्याला रोज पाहिलेल्या माणसाचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“आंघोळीचं कसं करतो?” नवसाबाईंचा पहिला प्रश्न.

“आठवड्यातून एकदा, मावशी. घरमालकिणीला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.”

“आंघोळ करायची, ती सांगून?”

“पाणी तापवायच्या गॅसला नाणं टाकावं लागतं. अंगाला साबण लावला आणि नाणं संपलं की तसंच उभं राहायचं.”

भिमाजी पोट धरून हसले. “म्हणजे आमचे चिरंजीव आठवड्यातून एकदा दिवाळी करतात.”

मग खाण्याचं निघालं. सकाळी पाव आणि लोणी, रात्री उकडलेला बटाटा आणि उकडलेला कोबी, मीठ वरून. तिथलं मांस इब्राहिमला चालत नसे, आणि पुंजारामानं आईला शब्द दिलेला, म्हणून तोही खात नसे. घरमालकीण त्या दोघांना ससे म्हणायची. थंडीत सकाळी नऊला दिवे लावून वर्गात जायचं, चारला दिवे लावून परत. यंत्रशाळेत पुंजारामाचे हात काळे होत, रंगशाळेत इब्राहिमचे निळे. रात्री दोघं एकाच शेगडीपुढे बसून हात चोळत.

“वाळला असंल,” नवसाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले. सिंधूचेही भरून आले होते.

“नाही हो, चांगला तांबूस झालाय. हवा लागते ना भरपूर.”

“खोलीत बसून कसली हवा?”

“खोलीत?” इब्राहिमनं बशी खाली ठेवली. “पुंजा आणि खोलीत? पाच दिवस हो. शनिवारी दुपारी वर्ग सुटला की तो खोलीवर टोपी घ्यायलासुद्धा येत नाही, सकाळीच डोक्यावर घालून निघतो. आमच्या टोळीचा टाइमटेबलवाला तोच. कुठली गाडी कधी, कुठे बदलायची, परतीचं स्वस्त तिकीट कुठल्या गाडीला चालतं, सगळं तोंडपाठ. कधी समुद्राकाठी, कधी डोंगरात पायी. यॉर्कला तर तटावरून आख्ख्या गावाला फेरी मारता येते. उन्हाळ्यात उत्तरेला तळ्यांकडे, तंबू घेऊन. रविवारी रात्री पाय सुजवून यायचं आणि सोमवारी वर्गात झोपायचं.”

भिमाजी म्हणाले, “वा.” त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

दाराच्या चौकटीवर सिंधूचा हात होता तो तसाच राहिला.

“थांबा, दाखवतोच.” इब्राहिमनं आतल्या खिशातून पुठ्ठ्यात घातलेला फोटो काढला. “मुद्दाम तुमच्यासाठी आणलाय.”

भिमाजींनी पाहून तो बायकोकडे दिला. चार तरुण एका दगडी कठड्याला टेकून उभे. मधला पुंजाराम, गालांवर मांस चढलेलं, मान मागे टाकून हसणारा. चौघांनीही टोप्या काढून हातात उंच धरल्या होत्या.

“टोप्या हातात का रे बाबा? समोर देऊळ हाय का?”

इब्राहिम हसू लागला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, अदबीनं, पण हसतच म्हणाला, “ते वहिनींचं आहे.”

“माझं?” सिंधूच्या तोंडून निघून गेलं.

“पूल आहे तो, वहिनी. पहिल्यांदा आम्ही फिरायला निघालो तेव्हा पुंजा नको म्हणत होता. म्हणाला, बायकोशी करार झालाय, ती नदी ओलांडत नाही, मी गाव सोडायचा नाही. आम्ही फार हसलो. एकानं तोड काढली. नदी आली की वहिनींना सलाम करायचा, म्हणजे परवानगी मिळाली. तेव्हापासून रिवाजच पडला. गाडी पुलावर चढली की पुंजा ओरडायचा, ‘सिंधूबाईंची नदी,’ आणि आम्ही सगळे टोप्या काढायचो. डब्यातले गोरे बघत राहायचे. एक म्हातारी दर खेपेला आमच्याबरोबर मान लववायची.” त्यानं फोटोकडे बोट केलं. “तुमची आठवण काढली नाही असा एक शनिवार गेला नाही बघा.”

ओसरीवर कुणी हसलं नाही. इब्राहिमनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

सिंधू चौकटीतून एक पाऊल पुढे आली. घरात परका पुरुष असताना तिनं हे कधी केलं नव्हतं. “धाकटीच्या लग्नाला मी गेले नाही, ते मी कळवलं होतं. ते पोचलं नव्हतं का?”

“पोचलं होतं.” त्याचा आवाज खाली आला होता. “आम्ही तळ्यांकडे होतो. त्यानं सगळ्यांना सांगितलं. म्हणाला, बघा, सख्ख्या बहिणीचं लग्न समोर, आणि आमची बायको पुलाच्या मध्यावरून परत फिरली, आहे कुणाची अशी? मग तुमच्या नावानं सगळ्यांनी पेले उचलले... सरबत होतं ते, वहिनी, सरबतच होतं. टाळ्या वाजवल्या.” त्यानं रिकामी बशी उचलून पुन्हा ठेवली. “मला वाटलं लग्न नवं असतानाची थट्टा असेल. आणि त्यानंतर तर त्यानं मोकळं केलं असेल तुम्हाला. तुम्ही अजून...”

“चहा आणखी घेता का?” सिंधूनं विचारलं.

तो नको म्हणाला. त्याला येवल्याची मोटार गाठायची होती. बूट घालताना त्यानं नाडी तीनदा सोडली आणि बांधली. भिमाजी त्याला पोचवायला जोडे शोधत असताना तो दाराशी हलकेच म्हणाला, “चूक झाली माझी.”

“तुमची कसली?”

“मोटार पलीकडूनच सुटते. पंचवटीत काही निरोप सांगायचा असेल तर सांगतो.”

“नको,” सिंधू म्हणाली. “निरोप नको.”

दोघे गेल्यावर नवसाबाईंनी फोटो पदरानं पुसला. मग त्यांनी तो देवाच्या फडताळात, गणपतीच्या मागे उभा केला.

“अशी तोंड पाडून बसू नको,” त्या म्हणाल्या. “पुरुषाची जात. त्याला काय घरात कोंडून ठेवायचं होतं? तू असं बघ की एवढ्या नद्यांवरनं गेला, समुद्राच्या कडेला उभा राहिला, आणि केसाला धक्का लागला नाय. कुणामुळं? तुझ्यामुळंच. तू अलीकडं बसलीस म्हणून तो पलीकडं फिरतोय. हे काय थोडं हाय?”

सिंधूनं त्यांच्याकडे पाहिलं. नवसाबाई मनापासून बोलत होत्या. सकाळी हेच घर म्हणत होतं की तो कोंडून घेऊन बसलाय म्हणून तू बस. आता म्हणत होतं की तो फिरतोय म्हणून तू बस.

ती उठली, विझलेली चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. तो फिरतो यात तिला काही चुकीचं दिसेना. डोंगर असले की तरणा माणूस चढणारच. ‘सिंधू, मला राहवलं नाही, मी जातो, तूही जा’ एवढं त्यानं लिहिलं असतं तर तिनं धावत पूल ओलांडला असता आणि आईला जाऊन सांगितलं असतं की तुझा जावई समुद्र बघून आला. एक ओळ पुरली असती. तिची मधली कमान त्यानं चारचौघांत मांडली, टाळ्या घेतल्या, आणि तिला मात्र तिथेच उभी ठेवली. ती परत फिरली तेव्हा पलीकडे मंगलाष्टकं संपत आली होती, हे त्यानं सांगितलं असेल का? ते सांगून काय सलाम होणार होता.

भाकरी तव्यावर टाकताना तिच्या बोटाला वाफ लागली. तिनं बोट कानाच्या पाळीला लावलं आणि पुढची थापायला घेतली. नेहमी लागतात त्याच्या दुप्पट भाकरी झाल्या तरी ती थापतच होती. नवसाबाईंनी आत डोकावून पाहिलं.

“एवढ्या कुणाला?”

“लागतील.”

दिवे लागले तसे भिमाजी परत आले आणि पानावर बसले. मुलगा विलायतेत चैनीत आहे, आगगाडीनं फिरतो, गोऱ्यांच्या पंक्तीला बसतो, हे ते वाटेत चार दुकानांत सांगून आले होते. त्यांनी मेथीची भाजी दोनदा मागून घेतली.

“पोरगं हुशार,” ते घास मोडत म्हणाले. “टाइमटेबल म्हणे तोंडपाठ. चारचौघांत वजन आहे त्याचं.”

“परवा सोमवारी मी कपालेश्वराला जाईन तेव्हा कुसाबाईला बघून येते,” नवसाबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या. “पेरू नेते. म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.”

सिंधूनं सासऱ्यांच्या पानात आणखी अर्धी भाकरी वाढली, सासूच्या पानात भाजी वाढली. मग टोपली फडक्यानं झाकून शिंकाळ्यात ठेवली आणि हात पदराला पुसले.

“उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “मी सकाळी पुलावरून आईकडे जाणार आहे. ती उठून बसेपर्यंत तिथे राहीन, मग येईन. त्यानंतर दर रविवारी जाईन. उद्याच्या भाकरी शिंकाळ्यात आहेत.”